मालकाची किंकाळी

रहाटपाळणा मला बापाकडून मिळाला आणि उंचीची भीती आईकडून. देण्याआधी दोघांनी एकमेकांना विचारलं असतं तर बरं झालं असतं.

पाळणा लाकडी, चार पेट्यांचा, हातानं ढकलायचा. ढकलायचं काम आमच्या गड्याचं, कडूबाचं. लोकांना बसवायचं, उतरवायचं आणि "बिलकुल घाबरू नका" असं सांगायचं काम माझं. ते मी जमिनीवर उभा राहून फार उत्तम करायचो.

मंग एका साली जाफराबादच्या जत्रेत जालन्याचे जुगलकिशोर सेठ आले. जिनिंगचं जुनं इंजिन जोडून त्यांनी लोखंडी पाळणा उभा केल्ता. तो आपोआप फिरायचा आणि धूर सोडायचा. लोकांना धूरच जास्त आवडला. दुपारपर्यंत आमच्या पाळण्यात एक शेळी तेवढी बसली, तीही सावलीला.

"असंच चाललं तं पाळणा फोडून सरपण करते," माझी बायको चतुराबाई म्हणाली. ती गंमत करत नव्हती. घरातलं सरपण खरंच संपलं होतं आणि कुऱ्हाड तिनं सोबतच आणल्ती.

तेवढ्यात आमच्या गावची म्हातारी द्वारकाबाई भर गर्दीत ओरडली, "का रे मच्छिंद्रा, आमाला बसा बसा म्हणून राह्यला, तू तं कधी बसलेला दिसला न्हाईस? तुलाच भरवसा न्हाई का?"

लोक वळले. चतुराबाईनं माझ्याकडं पाहिलं, मग कुऱ्हाडीकडं. मी बसलो.

वर गेलो आणि असा ओरडलो, की म्हणे भोकरदनच्या वाटेवरल्या बैलांनीही थांबून ऐकलं. मी आईला हाका मारल्या, बापाला शिव्या दिल्या, देवांना नारळ कबूल केले आणि थांबव म्हणून कडूबाला म्हैस. कडूबाला वाटलं, म्हैस जोरात ढकलण्याबद्दल आहे.

उतरलो तर समोर ही गर्दी! "आमाला मालकाच्याच पेटीत बसवा!" पलीकडं सेठचं इंजिन एकटंच धूर सोडत होतं. संध्याकाळी सेठ स्वतः आले. "मच्छिंद्र, माझ्या पाळण्यात ओरडायला येतो का? पगार देतो बराबर."

मी नाही म्हणालो. त्यांचा पाळणा जास्त उंच होता.

पुढं बदनापूर, घनसावंगी, जिथं जत्रा तिथं आम्ही, शेजारी सेठ, आणि वर ओरडणारा मी. पण वर्षभरात अनर्थ झाला. मला वर गेल्यावर भीती वाटेनाशी झाली. मुद्दाम ओरडलो तर लोक म्हणायचे, "ह्ये खोटं हाय." गर्दी पुन्हा इंजिनाकडं गेली. भित्रेपणा हा एकच हुन्नर अंगात होता, तोही गेला. चतुराबाईनं कुऱ्हाडीला धार लावून आणली.

पण घनसावंगीच्या जत्रेत ती कुऱ्हाड खाली ठेवून पेटीत माझ्या शेजारी येऊन बसली. नेमके टोकाला पोचलो तसा तिनं ओच्यातून एक लोखंडी खिळा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"अवं, ह्यो मघाशी पाळण्याखाली सापडला. कुठला असंल?"

ती किंकाळी अजून लोक नावाजतात.

तेव्हापासून फेऱ्यागणिक एक खिळा. गर्दी परतली, घरात सरपण विकतचं येतं, कुऱ्हाड गंजून राह्यली. खिळे मी कोनाड्यात ठेवतो. चांगला ढीग झालाय. परवा धीर करून विचारलं, हे सगळे तू बाजारातूनच आणतेस ना?

"सगळे न्हाई," ती म्हणाली.