पुढचं उजवं चाक

"हा घुं आवाज गिअरबॉक्सचा. तो उघडावा लागेल," मेकॅनिक हात पुसत म्हणाला, आणि आक्कांच्या मुलाने कपाळाला हात लावला.

आक्का गाडीतच बसून होत्या, मागच्या सीटवर. सूतगिरणीत तीस वर्षं काढल्यामुळे त्यांचे कान केव्हाच कामातून गेले होते. पण काचेपलीकडे कोण काय म्हणतंय ते त्यांना ओठांवरून लख्ख वाचता येई. गिरणीत सूत कातणाऱ्या हजार चात्या एकदम फिरत असताना सगळ्या बायका तशाच बोलत. सुखदुःखं, सासूच्या तक्रारी, सगळं विनाआवाज. 'आक्का' हे नावही तिथलंच. घरात आलं आणि चिकटून बसलं.

"बास झालं," मुलगा म्हणत होता. "बॅटरी झाली, क्लचप्लेट झाली, पुढचे दोन टायर झाले. आता गिअरबॉक्स. जेवढ्याला गाडी घेतली त्याच्या निम्मे पैसे त्यातच जातील. विकून टाकू."

गाडी चौदा वर्षांची, छोटी, आधी एका दाताच्या डॉक्टरांची. "म्हणूनच दर महिन्याला काहीतरी उपटावं लागतं," हा मुलाचा आवडता विनोद. मागची डावी काच खाली जाई ती दोन्ही तळहातांनी ओढल्याशिवाय वर येत नसे. ते काम आक्कांकडे होतं आणि त्या ते मन लावून करत.

विकायच्या गोष्टीवर सूनबाई हातातल्या किल्लीकडे बघत राहिली. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. प्रयोगशाळेची नवी शाखा गावाबाहेर निघाली होती आणि तिथली प्रमुख म्हणून हिचं नाव ठरलं होतं. सकाळी सहाला दार उघडायचं. त्या वेळेला तिकडे बस नाही. गाडी गेली की प्रमुखपदही गेलं, एवढा साधा हिशेब होता.

बेचाळिसाव्या वर्षी ती गाडी शिकली होती. शेजारी बसायला कोणी तयार होईना. नवरा पहिल्याच चौकात "अगं ब्रेक! ब्रेक!" असं ओरडून घसा बसवून घरी आला. मग आक्का बसल्या. मागचे हॉर्न त्यांना ऐकू येत नसत, त्यामुळे त्या कधी घाबरल्या नाहीत, आणि त्या घाबरल्या नाहीत म्हणून सूनबाईही घाबरली नाही. दोघी महिनाभर पहाटे गावभर फिरल्या.

आक्कांनी दार उघडलं. "गिअरबॉक्स नाही तो."

मेकॅनिक मुलाकडे वळला आणि हळूच पुटपुटला. पण वळला तो नेमका गाडीच्या बाजूच्या आरशात तोंड दिसेल असा.

"म्हातारीला काय कळतंय म्हणता?" आक्का म्हणाल्या. "कान गेलेत माझे, डोळे नाही. ती मिशी जरा कमी केलीत तर अजून स्पष्ट दिसेल."

मुलगा खो खो हसला. मेकॅनिकने जीभ चावली. "चुकलं, मावशी."

"चुकलं तर बसा गाडीत. एक फेरी मारू."

सूनबाई स्टिअरिंगला, मेकॅनिक तिच्या शेजारी. आक्कांनी मागे चपला काढल्या आणि खालचं रबरी पायपुसणं बाजूला सारून दोन्ही अनवाणी पाय पत्र्यावर टेकवले. मोठा रस्ता लागला. वेग चाळिसाच्या वर गेला तशी गेल्या पंधरा दिवसांची ती घुं… सुरू झाली. आक्कांना ती ऐकू येत नव्हती. तळपायांना मुंग्यांसारखी लागत होती.

"पोरी, आता गिअर काढ. नुसती घरंगळू दे."

इंजिन शांत झालं. घुं चालूच.

"म्हणजे इंजिन नाही," सूनबाई म्हणाली. एकेक कारण वगळत जाणं हा तिचा रोजचाच उद्योग होता.

"इंजिन नाही हे मीही म्हणतोय," मेकॅनिक मागे वळून, ओठ दिसतील असं म्हणाला. "पण मावशी, गिअर काढला तरी गिअरबॉक्सचा निम्मा भाग फिरतच असतो."

"असेल. आता डावीकडे वळव."

गाडी डावीकडे वळली आणि उजव्या तळपायाखालची थरथर पार घोट्यापर्यंत चढली. उजवीकडे वळली आणि ती विझली. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला ही नागमोडी वरात बघून थांबलाच.

"पुढचं उजवं चाक," आक्का म्हणाल्या. "वळताना भार त्याच्यावर आला की ओरडतंय. चातीची बेअरिंग जायला लागली की असंच व्हायचं."

मेकॅनिकने दुकानात येऊन चाक जॅकवर उचललं. एका हाताने चाक फिरवलं, दुसरा हात चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला. मग सूनबाईचा हात धरून तिथे ठेवला. वाळू दळावी तसं काहीतरी आत खरखरत होतं.

"बेअरिंग," तो म्हणाला. "तासाभराचं काम. गिअरबॉक्सच्या दहाव्या हिश्श्यातही भागेल."

सूनबाईने भर दुकानात सासूला मिठी मारली. मुलगा म्हणाला, "आई, तू गिरणीत नक्की काय करायचीस गं?"

"धागे जोडायची."

ते खरंच होतं. पण मशीन बिघडली की गिरणीतला जॉबर, म्हणजे मशीनं सांभाळणारा मुकादम, आधी आक्कांकडे येई. आक्का मशीनवर तळहात ठेवत, बोट दाखवत आणि पुन्हा धाग्यांकडे वळत. दुरुस्ती जॉबरच्या नावावर लागे. हे त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

बेअरिंग बदलून परतताना त्यांनी पाय पुन्हा पत्र्यावर टेकवले. गाडी गुळगुळीत पळत होती. "आता काहीच ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या आणि एवढ्या खूश दिसल्या की मुलगा पुन्हा हसत सुटला.

सूनबाई नव्या शाखेत रुजू झाली. महिनाभराने एका रविवारी मेकॅनिक दारात उभा राहिला. मिशी चांगली कातरलेली.

"मावशी, दहा मिनिटं याल का? एक गाडी आलीये. तीन दुकानं फिरून आलीये, कुणाला सापडत नाही. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे मावशी आहेत."

आक्कांनी केस नीट केले आणि सूनबाईला घेऊन निघाल्या. दुकानात ती मोठी, चकचकीत गाडी उभी होती आणि तिचा मालक बाजूला हाताची घडी घालून. आक्कांनी गाडीच्या दाराशी चपला काढल्या, आत बसल्या, पाय टेकवले. गाडी फेरीला बाहेर पडली.

मागे काळ्याकुट्ट तेलकट फरशीवर दोन चपला राहिल्या. सूनबाईने कोऱ्या फडक्याचा एक तुकडा शोधला, फरशीवर अंथरला आणि त्या उचलून त्यावर ठेवल्या, रस्त्याकडे तोंड करून.