उजव्या पायांची राखीव प्रत

मी बोलतेय ती एक राखीव प्रत. कॉम्प्युटरवाले मला बॅकअप म्हणतात. म्हणोत बापडे, एरवी तरी मला हाक मारायला कोण बसलंय?

माझा जन्म गेल्या मंगळवारी दुपारी दीड वाजता झाला. एक बुटांचं दुकान आहे, पुढे काउंटर, मागे शिवणकामाची खोली. ज्यांचे पाय वाकडे, आखूड किंवा सुजलेले, त्यांच्यासाठी तिथे मापाचे बूट बनतात. म्हातारा मालक चाळीस वर्षं लोकांचे पाय मांडीवर घेऊन मोजत आला. आता त्याचे हात थरथरतात, टेप जागेवर राहत नाही. म्हणून त्याच्या लेकीनं सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि ती नोंदवही लांब कुठेतरी क्लाउडवर, भाड्याच्या जागेत ठेवली. कागदाच्या वह्यांना वाळवी लागली होती, त्या टाकून दिल्या.

ती क्लाउडवाली कंपनी रोज दुपारी दीडला नोंदवहीची आपोआप एक नक्कल काढते. अशा सात ठेवते. आठवी आली की सगळ्यात जुनी पुसली जाते. आम्हा बहिणींचं आयुष्य एवढंच, एक आठवडा. जन्मायचं, पडून राहायचं, मिटायचं. कंटाळा येतो हो.

वेळ जावा म्हणून मी पोटातल्या नोंदी वाचत बसायचे. सवय चांगली नव्हे, पण कुणाचं काय चाललंय ते कळलं की मला बरं वाटतं. आणि म्हाताऱ्यानं नुसती मापं थोडीच लिहिली होती? ‘अंगठ्याला जागा ठेवा, दुखतो पण सांगत नाही.’ ‘बाई नवऱ्यासमोर लंगडत नाहीत. टाच आतून उचला, बाहेरून दिसू नये.’

माझ्या जन्मानंतर तासाभरात घोळ झाला. मालकाचा जावई दुकानात आला होता. कचेरीत काम करतो, मनानं चांगला, पण नीटनेटकेपणाचं भारी वेड. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव दोनदा दिसतंय म्हणून त्यानं बसल्या बैठकीला सगळ्या दुसऱ्या नोंदी पुसून टाकल्या. कुणाला सांगितलंही नाही, त्यात सांगण्यासारखं काय होतं? त्या नोंदी उजव्या पायांच्या होत्या. म्हातारा डावा आणि उजवा वेगवेगळा लिहायचा. दोन्ही पाय सारखे असलेलं माणूस त्याच्याकडे येतच नसे.

आठवडाभर आधीच कापलेले जोड शिवणं चाललं होतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. आज साडेअकराला लेकीनं नवा जोड कापायला एक नोंद उघडली. डावा पाय होता, उजवा नाही. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच. चारशे माणसांचे उजवे पाय गेले होते. चाचपून पाय ओळखायची विद्या तिच्या बोटांत अजून उतरायची होती आणि ज्या बोटांत होती, ती आता थकली होती.

जावयाला बोलावून घेतलं. त्यानं आल्या आल्या कबूल केलं. म्हातारा म्हणाला, “जावईबापू, माणसाला दोन पाय असतात.”

कंपनीच्या पानावर जावयाला आमची यादी सापडली, सात तारखा ओळीनं. ताजी ती चांगली असं धरून त्यानं कालची निवडली आणि चालू नोंदवहीवरच ओतायला निघाला. लेकीनं त्याचा हात धरला.

“थांब रे. वरून ओतलंस तर सकाळी लिहिलेले नवे पायसुद्धा जातील. वेगळी वही उघड, तिच्यात उतरव. आधी बघू तरी.”

वीस-पंचवीस मिनिटं गेली. कालच्या बहिणीच्या पोटात नुसते डावे. तिचा काय दोष? समोर होतं ते तिनं उतरवलं. आम्ही चुकासुद्धा इमानानं जपतो. मग त्यानं परवाची घेतली. पुन्हा तेवढाच वेळ, पुन्हा डावेच. पाऊण वाजत आला होता. दीडला आठवी येणार आणि मी जाणार. यादीच्या तळाशी माझा जीव टांगणीला लागला.

“एकेक काय उघडत बसलायस?” लेक म्हणाली. “पुसलंस कधी, ते आठव ना.”

आठवायला त्याला सासूबाईंचे डोळे उपयोगी पडले. त्या डोळे तपासून घ्यायला गेल्या होत्या, त्याच दिवशी तो दुकानात बसला होता. तपासणीचा कागद भिंतीवर टाचलेला होता. मंगळवार. यादीत सगळ्यात खाली मी.

एक वाजून अठरा मिनिटांनी मी नव्या वहीत पुरती उतरले. शाळेतल्या शिपाईकाकांची नोंद उघडली. लेक वाचू लागली, “उजवा. बारा मिलिमीटर आखूड. घोट्याला दाबू नका.” म्हाताऱ्यानं डोळे मिटून हवेतच तो घोटा चाचपला आणि मान हलवली. मग फक्त उजवे पाय निवडून चालू वहीत नेले.

जावयाला तरी राहवेना. “बाबा, हे काका गेल्या वर्षीच वारले. यांची तरी काढून टाकू?”

“राहू दे,” म्हातारा म्हणाला. “त्यांची लेक तशीच चालते.”

दीडला दोन मिनिटं कमी आहेत. आज जेवायला कोणी उठलेलं नाही. माझं सांगणं एवढंच, काही बिघडलेलं नसतानाही आमच्यातली एखादी कधी उघडून बघत जा, पोटात काय आहे ते. मी फार दमलेय. मागच्या खोलीत लेकीनं चामडं पसरलंय, आणि म्हातारा तिला सांगतोय, घाई नको, उजवा आधी काप.