रविवारच्या कोंबड्या

आईच्या तेराव्याचे पाहुणे गंगाखेडच्या बसनं गेले आणि घरात आम्ही तिघंच उरलो. मी, धाकटा भाऊ महारुद्र आणि त्याची बायको राजेश्री. उन्हं कलली तशी मी परसात गेले. या वेळेला आई कोंबड्या कोंडायची. इतके दिवस तिथं मांडव होता, चुली होत्या, माणसांची वर्दळ होती. कोंबड्या कुणीतरी शेजारी नेऊन ठेवल्या असतील असं मी धरून चालले होते.

खुराड्याचं दार उघडं होतं. आत कोळिष्टकं लोंबत होती आणि जमिनीवरची शीट वाळून, पांढरी पडून मातीत मिसळली होती. तेरा दिवसांत कुठलंही खुराडं असं होत नाही.

“राजेश्री, कोंबड्या कुठंयत?”

“दगडामावशीकडं, ताई.” ती नळाखाली भांडी विसळत होती. “दिवाळीच्या आधीच तर नेऊन...” ती थांबली. नळ चालू राहिला.

मी कोल्हापूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. दर रविवारी दुपारी आईला फोन करायचे, आणि आई कोंबड्यांचं सांगायची. तिला दुसरं काही सांगायचंच नसायचं. मी तिच्या गुडघ्यांचं विचारलं की ती तांबडीचं सांगायची. दिवाळीनंतर म्हणाली होती, “नव्या कोंबड्या आल्यात बग. जुन्या लय टोचायल्यात त्यायला. दानाच खाऊ देईनात.” पालमच्या बाजारातून आणल्या असतील, असं मला वाटलं. पुढच्या रविवारी, नव्यांना डालग्याखाली, टोपलीखाली झाकून ठेवलंय. त्याच्या पुढच्या रविवारी, सगळ्यांच्या अंगाला चुलीतली राख चोळली आणि अंधार पडताना नव्यांना जुन्यांच्या मधोमध सोडलं. “सकाळी उठल्या तर सगळ्या एकच. कोन नवी, कोन जुनी, त्यायलाच कळंना.” मी ही गोष्ट ग्रंथालयात दोघा-तिघांना रंगवून सांगितली होती.

आणि संक्रांतीला मी यायचं ठरवलं, तेव्हाचं तिचं बोलणं.

“आत्ताच येऊ नको. तांबडी खुडूक झालीय, अंड्यावर बसलीय. परकं मानूस परसात आलं की उठती. अंडी गार होतेत.”

“मी परकी होय गं?”

“कोंबडीला काय कळतंय, लेक हाय का कोन हाय ते!”

आम्ही दोघी हसलो होतो. मी रजेचा अर्ज मागं घेतला.

महारुद्र ओसरीवर बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. “तू मला म्हणालास, आई शेवटचे पंधरा दिवसच आजारी होती.”

त्यानं राजेश्रीकडं पाहिलं, मग जमिनीकडं. “दिवाळीच्या आधी निदान झालं, ताई. तेव्हापासून ती परभणीला माझ्याच खोलीवर होती.”

“आणि मला?”

“आईनंच बजावलं होतं. तुझं नोकरीत कायम व्हायचं वर्ष. आई म्हणली, शिवकन्या आली की माझ्याजवळ बसूनच राहील. मी दोनदा फोन हातात घेतला. तिनं शपथ घातली.”

“गावात कुणाकुणाला माहीत होतं?”

त्यानं समोरच्या घरांवरून एकदा नजर फिरवली. म्हणजे सगळ्यांना. तेरा दिवस जी माणसं माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, त्या सगळ्यांना. शेवटच्या दर्शनाला मी आईचे वाळलेले हात पाहिले होते आणि त्याला वय समजले होते. त्या वेळी शेजारी बसलेल्या एकीनंही काही म्हटलं नाही.

भिंतीपलीकडंच दगडामावशीचं परस आहे. आई आणि ती एकाच वर्षी या गावात नांदायला आलेल्या. मी फाटक ढकललं तेव्हा ती दाणे टाकत होती. माझ्या तोंडाकडं बघून तिनं सूप खाली ठेवलं.

“कळलं म्हन की तुला.”

“कळलं, मावशी.”

“सोताच्या गळ्याची आन घातली गं तिनं. मी काय करू?” तिनं पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला. “दर शनवारी फोन यायचा तिचा. आधी इचारायची, तांबडी काय करायलीय, कवडी काय करायलीय. मी म्हनायचे, बाई, तुजं दुखनं सांग की. तर म्हने, दुखनं काय सांगायचं, उद्या पोरीचा फोन येतोय, मला काय तरी बोलाया पायजे.”

“नव्या कोंबड्या आल्या म्हणाली होती.”

“तिच्याच की त्या! माज्या घरात त्याच नव्या. माज्या जुन्यांनी टोचून टोचून एकीची मान सोलून काढली. मग डालग्याखाली ठेवल्या, राख चोळली. समदं तीच फोनवरून सांगत होती, असं कर, तसं कर.”

म्हणजे सगळं खरं होतं. राख खरी, डालगं खरं. टोचून घेणाऱ्या कोंबड्या आईच्या होत्या, एवढंच मला माहीत नव्हतं.

“घेऊन जा दोन-तीन,” मावशी म्हणाली. “फक्त तांबडीला ऱ्हाऊ दे. परत खुडूक झालीय. ह्या उन्हात बसवत न्हाईत, अंडी नासतेत. खुडूक मोडाया बादलीत बुडवली, डालग्याखाली कोंडली. सोडली की पंख झटकती अन् पुन्हा तिथंच. लय हट्टी. तुज्या आईवर गेलीय.”

ती हसली. मला हसता आलं नाही. कोपऱ्यात पाटीत पेंढा घालून ठेवला होता आणि त्यावर तांबडी पिसं फुलवून बसली होती.

“मावशी, परकं माणूस आलं की खुडूक कोंबडी उठते, हे तुम्ही सांगितलं होतं आईला?”

“मी?” ती बघतच राहिली. “कोन म्हनलं असं? खुडूक कोंबडी कुटं उठती का? घर पेटलं तरी उठायची न्हाई. तू काय शहरात वाढलीस का?”

मी याच भिंतीच्या त्या बाजूला वाढले. लहानपणी खुडूक कोंबडीखाली हात घालून अंडी मोजायचं काम माझंच असायचं. पण आई म्हणाली होती, म्हणून मी मानलं. इतक्या रविवारी ती जे बोलली, त्यातलं हे एकच वाक्य मावशीकडून आलेलं नव्हतं. ते तिनं स्वतः रचलं होतं, माझ्यासाठी.

मी पाटीजवळ खाली बसले. तांबडीनं घशातून आवाज काढला, मान वळवून माझ्याकडं एका डोळ्यानं पाहिलं. तिनं मला कधी पाहिलेलं नव्हतं. मी तिच्या पोटाखाली हात घातला. तिनं मनगटावर जोरात चोच मारली, मग पुन्हा त्याच जागी. खाली एकही अंडं नव्हतं. पेंढा गरम होता.

“टोचंल गं, शिवकन्ये,” मागून मावशी म्हणाली. “काढ हात.”

मी हात काढला नाही. ती टोचत राहिली, पण उठली नाही.