ईशान्येचं दार

ईशान्येला दार काढायचं म्हटल्यावर तेरुहिकोदादाने चहाचा पेला खालीच ठेवला.

"नोबुए, डोकं फिरलंय का तुझं? ती राक्षसांची दिशा! तिकडे कुणी संडाससुद्धा बांधत नाही, आणि तू दार काढतेस?"

"मग सांग त्यांना, चपला बाहेर काढून आत या म्हणावं."

आमच्याकडे राक्षस ईशान्येतूनच घरात शिरतात, असं जुने लोक मानतात. दादा माझा सख्खा भाऊ, पण असल्या बाबतीत वडिलांचाही बाप. आसानो नदीकाठची माझी जागा म्हणजे नुसती पट्टी. दक्षिणेला बोळ, त्यात शेजाऱ्यांच्या एसीची धडधड. मोकळी बाजू एकच, ईशान्य. तिकडे नदी, आणि नदीपलीकडे उतात्सुयामा डोंगर. घटस्फोटानंतर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, मी स्वतःसाठी घर बांधत होते. दार सरकवलं की डोंगर दिसला पाहिजे, एवढाच माझा हट्ट होता. मोरिओच्या, म्हणजे माझ्या आधीच्या नवऱ्याच्या, घराचं दार चांगलं दक्षिणेला होतं, सगळं शुभ जागच्या जागी. त्या घरात मी जन्मभर मोरीवरची भिंत बघितली.

नोव्हेंबरात बांधकामावर गेले, तर काय! दाराची चौकट बोळाकडे उभी, आणि माझ्या दाराच्या जागी छातीएवढ्या उंचीवर एक खिडकी.

"इनागाकी मिस्त्री, हे काय आहे?"

म्हातारा सुतार मान खाली घालून रंधा पुसत राहिला. "तुमच्या दादांनी सांगितलं, ताई. आणि खरं सांगू? माझाही हात धजला नाही. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर माझ्या नावाने बोंब."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मिस्त्री, मी राक्षसाबरोबर तीस वर्षं संसार केलाय! तो दक्षिणेच्याच दाराने आला होता. कमरेत वाकून, हातात मिठाईचा डबा घेऊन!"

भिंत लिंपणारा गवंडी फिस्सकन हसला. मिस्त्री हसले नाहीत. मग मी त्या खिडकीखाली चिखलातच बसकण मारली आणि भाताचे गोळे खायला काढले. वरून बर्फाळ पाऊस सुरू झाला.

"ताई, आजारी पडाल."

"पडले तर राक्षसांचं नाव सांगा. तुमचं कशाला कोण घेतंय?"

बराच वेळ ते येरझाऱ्या घालत राहिले. शेवटी पुटपुटत करवत उचलली आणि खिडकीखालची भिंत कापायला घेतली. कुरकुर शेवटपर्यंत संपली नाही, पण दार असं केलं की काय सांगू! देवदाराच्या बोटभर पट्ट्यांची जाळी, एका बोटाने सरकणारी. बसवून झाल्यावर त्यांनी तिच्यावरून दोनदा हात फिरवला.

फेब्रुवारीत, भाजलेले सोयाबीन मारून राक्षसांना घरातून हाकलायच्या सणाच्या दिवशी, मी तिथे राहायला आलेली होते. बाहेर बर्फ साचला होता. त्याचा उजेड जाळीतून उंबऱ्याआतल्या मातीच्या जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होता, तिथून कागदी दारांवर चढत होता. मागची उघडी सिमेंटची भिंतसुद्धा सायीसारखी मऊ दिसत होती. मी दाण्यांचं लाकडी माप मांडीवर घेऊन नुसती बघत बसले होते. घर सुंदर होतं, आणि माझं होतं.

तेवढ्यात दार सरकलं. पुढे दादा, मागे मोरिओ. कमरेत वाकलेला, हातात मिठाईचा डबा.

"नोबुए, झालं गेलं विसरून जा," मोरिओ म्हणाला. "आई अंथरुणाला खिळलीये. स्वयंपाकाचे हाल आहेत. घरी चल. असल्या दाराच्या घरात तुला सुख लाभायचं नाही."

"ऐक त्याचं," दादा म्हणाला. "बिचारा आपणहून आलाय."

मी उठले. मूठ भरली आणि सणाची आरोळी ठोकली.

"राक्षस बाहेर!"

दाणे मोरिओच्या चष्म्यावर ताडताड वाजले. दुसरी मूठ दादालाही लागली. डबा बर्फात पडला. दोघं डोक्यावर हात धरून मागे सरकत रस्त्यावर गेले.

"वेड लागलंय हिला!" दादा ओरडला.

"लागू दे!"

दार मी लावलं नाही. गार वारा थेट आत येत होता, येऊ दिला. समोर डोंगर पांढराशुभ्र उभा होता. त्या दोघांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात मी डोंगराकडे बघून हाक मारली, "तिकडचे कोण राक्षस असतील ते, या हो! चपला बाहेर काढा. चहा टाकते."