सलग बारा महिन्यांचा पुरावा

आमच्या गावात भाडेकरूला पावसाळ्यापुरतंच घर मिळतं. जूनमध्ये पर्यटक फिरकेनासे झाले की मालक खोल्या आम्हाला देतात, आणि घट बसायच्या आत दारात हजर. "सीझन आला, खोली मोकळी करा." उरलेले आठ महिने मी, माझा नवरा भिकू आणि आमची दिशा नणंदेच्या पडवीत जाळ्यांच्या ढिगाशेजारी काढतो. सात वर्षं हेच चाललंय आणि लाज एकाही मालकाला वाटत नाही.

म्हणून नगरपंचायतीने गरीब भाडेकरूंसाठी बारा घरं बांधली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी अर्ज घेऊन रांगेत उभी राहिले. भाडं झेपेल एवढं, आणि मध्येच कुणी उठवणार नाही. मला दुसरं काही नको होतं.

खिडकीवरच्या रितेश कारकुनाने अर्ज उलटून पालटून पाहिला.

"केसरताई, एका पत्त्यावर सलग बारा महिन्यांचा भाडेकरार लागतो."

"बारा महिने इथे आम्हाला ठेवतो कोण? तू याच गावचा ना रे?"

"नियम हाय ताई. मी काय करू?"

त्याच्या बापाच्याही दोन खोल्या सीझनला पर्यटकांना जातात. सगळं ठाऊक असून त्याने मान खाली घातली.

मग मी मालकाकडे, गुणाजीशेठकडे गेले. निदान तुमच्या खोलीत राहते एवढं तरी लिहून द्या, म्हटलं.

"कागद केला की तू हलायची न्हाईस," तो हसत म्हणाला. माझ्या डोक्यात सणक गेली, पण खोली त्याची होती. आल्या पावली परतले.

पंधरा दिवसांनी यादी लागली. माझं नाव नव्हतं. चार नंबरचं घर मिळालं होतं गुणाजीशेठच्या मुलाला, ऋत्विकला! सध्याचा पत्ता, वडिलांची खोली क्रमांक तीन. म्हणजे माझीच खोली. शेगडी माझी, दोरीवरच्या साड्या माझ्या, आणि कागदावर बारा महिने तिथे राहणारा भाडेकरू कोण, तर बापाच्या दुमजली बंगल्यात एसी लावून झोपणारा हा! मी हरकत घेतली. 'पुराव्याअभावी अमान्य' असा शिक्का मारून ती परत आली.

नवरात्राच्या आदल्या दिवशी शेठने मला बाहेर काढलं. ऋत्विकच्या नव्या घराला कुलूप होतं. दिवाळीपासून तेही पाहुण्यांना देणार, असं अख्खा बाजार बोलत होता. भिकू बोटीवर गेलेला. नणंदेकडे पाय वळेचनात. दिशाला घेऊन मी त्या कुलपासमोरच्या व्हरांड्यात सामान मांडलं आणि भात लावला.

तिसऱ्या दिवशी रितेश दोन माणसं घेऊन आला.

"ताई, उठा. इथे राहता येणार न्हाय. ऐकलं न्हाय तर नोटीस द्यावी लागंल."

"दे की."

"खरंच देईन हां."

"अरे मग दे! नाव लिही, केसर भिकू. पत्ता लिही, चार नंबरच्या घराचा व्हरांडा. तारीख घाल, सही कर, शिक्का मार. सात वर्षांत मी कुठे राहते ते या गावात एकानेही लिहून दिलं न्हाय."

रितेशने पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे बघत परत लावलं.

"नंतर पाठवतो," तो पुटपुटला.

"नंतर न्हाय, आत्ता लिही," मी म्हटलं. "बारा महिन्यांतला पहिला मी आजपासून धरतेय."