साड्यांची बुरशी

पंच्याण्णव सालच्या बंगळुरात तुळोजीरावांना बुरशीबद्दल काही शिकवू शकेल असा माणूस नव्हता. चिकपेटेत त्यांचं साड्यांचं दुकान होतं, आणि दर पावसाळ्यात गठ्ठ्यांना बुरशी धरायची. म्हणूनच, सातव्या महिन्यात जन्मलेल्या नातवाच्या रक्तात बुरशी झाल्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा त्यांना आठवड्यात पहिल्यांदा हायसं वाटलं.

“एवढंच ना? स्वल्प ऊन दाखवा, जाईल.”

“अण्णा, तो साडी नाही,” बाळंतीण लेक शिल्पाश्री म्हणाली. “काचेच्या पेटीतून बाहेर काढलं की त्याचा श्वास थांबतो.”

“मग पेटीच खिडकीशी सरकवा म्हणावं.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्या रागावल्याही नाहीत, तेव्हा मात्र तुळोजीरावांनी इंजेक्शनाची चिठ्ठी मागून घेतली.

बुरशीवरचं इंजेक्शन त्याच दुपारी मिळालं, लगेच सुरूही झालं. बाळ शुक्रवारी गेलं.