लांब्या बाकावर

"लांब्या आत. कॅप्टन," दादा म्हणाला.

"लांब्या आत, कॅप्टन," मी मोठ्याने म्हणालो, आणि बोटाने लांब्याला उचलून बाकावर ठेवला.

दादा पलंगावर उशीला टेकून बसला होता. उजव्या डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी, आणि डाव्याला तसाही फक्त उजेड-अंधार कळायचा. त्याचा फोन माझ्या हातात होता. दुपारचा एक वाजत आला होता आणि दीड वाजता टीम बंद होणार होती. स्वयंपाकघरात वहिनी चहा टाकत होत्या. माझा हात जरासुद्धा कापला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

खेळ कळायला सोपा आहे. टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धेत खरे फुटबॉलपटू खेळतात, आणि आपण फोनवर त्यांच्यातून आपापली पंधराजणांची टीम करायची. दर आठवड्याला त्यातले अकरा आत, चार बाकावर. आतले मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला, कॅप्टनचे दुप्पट. बाकावरच्याने चार गोल मारले तरी पाण्यात. आमच्या लीगमध्ये आम्ही नऊ म्हातारे, सगळे लिफ्ट कंपनीच्या जुन्या टीममधले. फोनवर नावं वाचता येत नाहीत म्हणून प्रत्येक खेळाडूला आम्ही आपलं एक नाव पाडलेलं. बक्षीस म्हणजे लिफ्टची एक जुनी पुली, पॉलिश करून लाकडावर बसवलेली. शेवटचा आठवडा होता. दादा पहिला, मी दुसरा, मध्ये नऊ गुण.

"जाड्याचं काय?" मी विचारलं.

"जाड्या बाकावर. गुडघा दुखतोय त्याचा."

"जाड्या बाकावर," मी म्हणालो, आणि जाड्याला आत घेऊन कॅप्टन करून टाकला.

हे परत म्हणून दाखवणं आमच्या धंद्यातलं आहे. लिफ्टच्या कामावर एकजण वर मोटारीच्या खोलीत, दुसरा खाली खड्ड्यात. खालचा ओरडतो, "वर घे." वरचा तेच शब्द परत ओरडतो आणि मगच बटण दाबतो. खालच्याच्या डोक्यावर अर्धा टन लोखंड लटकत असतं, वरचं त्याला काही दिसत नसतं, त्याचा जीव वरच्याच्या आवाजावर. हे मला दादानेच शिकवलं, मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात. त्यानंतर मी दांड्या मारल्या, साहेबांना थापा मारल्या, पण परत ओरडताना खोटं कधी बोललो नाही. कोणीच बोलत नाही. त्या दिवशी बोललो.

का, ते सांगतो. सांगायलाच बसलोय.

एकतीस वर्षांपूर्वी कंपन्यांच्या स्पर्धेची फायनल होती. दादा कॅप्टन, अकरा कोण ते तोच ठरवायचा. सेमीफायनलचे दोन्ही गोल माझे. फायनलला बाबा आले. आयुष्यात एकदाच आले मॅच बघायला. दोन बस बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि दादाने मला बाकावर बसवलं. हाफटाइमला म्हणाला, "तयार राहा." मी तयार राहिलो. रेषेच्या बाहेर चाळीस मिनिटं मागे-पुढे पळत राहिलो, गुडघे छातीपर्यंत आणत, येड्यासारखा. चेंडू बाहेर गेला की दादाकडे बघायचो. त्याने एकदाही मान वळवली नाही. एक-शून्यने हरलो. निघताना बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "छान पळत होतास." आठ महिन्यांनी ते गेले.

दादा त्यावर कधी अवाक्षर बोलला नाही. माझ्या लग्नात नाचला, माझ्या मुलीला सायकल शिकवली, मला निमोनिया झाला तेव्हा आठ दिवस दवाखान्यातल्या लाकडी बाकड्यावर झोपला. पण त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. मीही विचारलं नाही. मी का विचारू? सांगायचं त्याने. एकतीस वर्षं मी ते पोटात ठेवलं, आणि पोटात ठेवलेलं काही ताजं राहत नाही.

"झालं का?" दादाने विचारलं.

"झालं. परत एकदा म्हणून दाखवू?"

"दाखव."

मी अकराही नावं म्हणून दाखवली, लांब्या कॅप्टन धरून. दादा प्रत्येक नावावर मान हलवत होता. "तुझ्या हातात दिलं की घोर नाही बघ," म्हणाला. मी बटण दाबून टीम पक्की केली आणि वहिनींनी आणलेला चहा प्यायलो. दोन बिस्किटंही खाल्ली.

दुपारी मला ड्यूटी होती. एका दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकत होती, म्हणून गच्चीवरच्या खोलीत मी ब्रेक उघडून बसलो होतो. फोन खिडकीच्या कट्ट्यावर उभा करून ठेवला होता. अकराव्या मिनिटाला लांब्याने पहिला गोल मारला. मी पाना खाली ठेवला. चाळिसाव्याला दुसरा. "मार लेका, अजून मार!" मी एकटाच एवढ्या जोरात ओरडलो की खालून वॉचमनने विचारलं, कोणी अडकलंय का. तिसरा पेनल्टीवर. तिकडे जाड्या अर्ध्या तासात लंगडत बाहेर. वा रे वा! आता दादा टीव्हीला कान लावून बसला असेल, बोटांवर गुण मोजत असेल, जिंकलो म्हणून वहिनींना हाका मारत असेल. मोज, मोज. बाहेर बसून दुसऱ्यांचा खेळ बघायला कसं वाटतं ते तुलाही कळू दे एकदा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मी चौदा गुणांनी जिंकलो.

रविवारी सकाळी सगळे पंक्चरच्या दुकानात जमले. पंक्चर म्हणजे आमचा तेव्हाचा गोलकीपर. आता त्याचं टायरचं दुकान आहे, पण नाव त्याच्याही आधीचं, फायनलचा तो गोल त्याच्या दोन पायांमधून गेला तेव्हापासूनचं. आम्ही टायरांच्या चळतींवर बसलो होतो. दादा वहिनींचा हात धरून आला.

"काय कॅप्टन," पंक्चर म्हणाला, "तीन गोल मारणारा बाकावर आणि लंगडा कॅप्टन? भूल उतरली नव्हती काय अजून?"

सगळे फिदीफिदी हसले. मी दादाच्या तोंडाकडे बघत होतो. आता हा उसळणार. चारचौघांत माझं नाव घेणार, याने घात केला म्हणणार, आणि मग मी सगळ्यांसमोर विचारणार, तू काय केलं होतंस रे? वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

"लांब्या बाकावर होता?" दादाने हळू विचारलं.

"मग काय! ही बघ यादी." पंक्चरने फोन पुढे केला, आणि दादाला दिसत नाही हे आठवून मागे घेतला.

दादाने वहिनींचा हात सोडला. "मग मीच तसं सांगितलं असणार," म्हणाला. "याने तर एकेक नाव परत म्हणून दाखवलं. मला वेगळंच आठवतंय, पण..." तो हसला, ते हसू काही नीट लागलं नाही. "वय झालं बाबांनो. पुढच्या वर्षी मला धरू नका."

मग चाचपडत त्याने माझा हात शोधला. "अभिनंदन," म्हणाला. त्याचा तळवा घामाने ओला होता. कोणीतरी ती पुली माझ्या मांडीवर आणून ठेवली.

घरी जाताना माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. हा काय सूड झाला? शिव्या दे, कॉलर धर, काहीतरी कर! पण नाही. खड्ड्यातला माणूस वरच्याच्या आवाजावर शंका घेतच नाही. त्याने सरळ स्वतःच्या डोक्यावर शंका घेतली. आमची आई शेवटची चार वर्षं मला ओळखत नव्हती आणि दादाला डॉक्टर समजत होती. तेव्हापासून दादा जगात एकाच गोष्टीला घाबरतो. हे मला चांगलं माहीत होतं. टीम लावताना ते मनात आलं नाही, असं मी स्वतःला दोन दिवस सांगत होतो.

बुधवारी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, जरा येऊन जाल का? हे धड जेवत नाहीत. सकाळपासून इमारतींची नावं म्हणतायत, कुठल्या इमारतीत कुठली मोटार ते. एक अडलं की परत पहिल्यापासून. काल म्हणाले, गॅस तू बंद करत जा, माझ्यावर सोडू नकोस. डोक्याच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घ्यायला लावलीय मला." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्यासमोरच सांगितलं ना त्यांनी? काय सांगितलं होतं नक्की?"

"येतो," मी म्हणालो.

लिफ्ट चालू असून तीन मजले जिन्याने चढलो. दादा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. पट्टी निघाली होती, काळा चष्मा होता. मी दारातच उभा राहिलो. बसलो असतो तर तोंडातून निघालं नसतं.

"दादा, तू बरोबर सांगितलं होतंस. लांब्या आत, जाड्या बाकावर. मी परत म्हणालो बरोबर आणि लावलं उलटं. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"हो. मुद्दाम."

आतून येणाऱ्या वहिनी जागच्या जागी थांबल्या. मी शिव्यांची वाट बघत उभा होतो. दादाने दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि पोट धरून हसायला लागला. "म्हणजे मी तसंच म्हणालो होतो! अगं ऐकलंस का? मी बरोबर म्हणालो होतो! डोकं ठिकाणावर आहे माझं!" चष्म्याखालून पाणी वाहायला लागलं. "अहो, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाहीये," म्हणत वहिनी रुमाल घेऊन धावल्या. पुसता पुसता त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण नालायका, कशासाठी केलंस हे?" दादाने विचारलं. आवाजात रागाचा लवलेश नाही. तेच माझ्या डोक्यात गेलं.

"फायनलला मला का बसवलंस?" मी ओरडलो. "बाबा आले होते! नव्वद मिनिटं बाहेर ठेवलंस मला. का?"

"कोणी ठेवलं?"

"तू!"

"तुला? छे!" त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि लगेच गेल्या. "अरे, तू आलास की दुसऱ्या हाफला. मीच आणला ना तुला. मी उजवीकडून चेंडू दिला, तू मारलास, आणि बाबा उठून उभेच राहिले. निळा शर्ट होता त्यांचा. मला अजून दिसतात."

शर्ट निळाच होता.

दादा खोटं बोलतो तेव्हा समोरच्याकडे बघत नाही, नखं कुरतडतो, लहानपणापासून. आता तो सरळ माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड करून बसला होता, खूश. ते बाक, ती रेषा, ती चाळीस मिनिटं, त्याच्याजवळ यातलं काही नव्हतं. कधीपासून नव्हतं, कोण जाणे. मी एकतीस वर्षं ज्याच्यावर दात धरून होतो तो माणूस कधीच निघून गेला होता, आणि मला कोणी कळवलं नव्हतं. वहिनी त्या दिवशी मैदानावर बाबांच्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांचा रुमालाचा हात तसाच राहिला.

"हो ना?" दादाने विचारलं. आवाज जरा बारीक झाला. "आला होतास ना तू?"

"हो," मी म्हणालो. "आलो होतो."

"मग! म्हणे बसवलं." तो खुर्चीत मागे टेकला. "गोल मात्र नाही झाला हां. बारवरून घालवलास. किती सोपा होता!"

"सोपा?" मी म्हणालो. "चेंडू कमरेइतका उंच दिलास तू. त्यात गवत ओलं, पाय ठरत नव्हता. कोणीही मारला असता तरी बारवरूनच गेला असता."

"तुझं कायम असंच. चूक आपली माझ्यावर."

"होतीच तुझी."

दादा खो खो हसला. "आता तो डॉक्टर कशाला?" वहिनींना म्हणाला. "फोन करून नको म्हणून सांग."

वहिनींनी रुमालाची घडी घातली. "तो डोळ्याचा आहे," म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "भाऊजी, शुक्रवारी रजा मिळेल तुम्हाला?"

"हो, डोळ्याचाच," मी दादाला म्हणालो, आणि वहिनींना म्हणालो, "मिळेल."